मागच्या चाकाचा आवाज : ग्रीस की नवं बेअरिंग?

प्रश्न : आमची गाडी जुनी आहे, मागे ड्रम ब्रेक. पावसाळ्यात गांधी मार्केटजवळ तुंबलेल्या पाण्यातून काढावी लागली. आता ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला साठच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणतो, खोलून ग्रीस भरू. दुसरा म्हणतो, दोन्ही बाजूंची बेअरिंग बदला. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, आधी टायरवरून तळहात फिरवा. नक्षी खालीवर झिजून खवले लागत असतील, तर टायरही असाच घुमतो. पुढची-मागची टायर अदलाबदल करा. आवाज पुढे सरकला, तर बेअरिंगला हात लावू नका.

आवाज मागेच राहिला, तर तो वळणावर ऐका. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा डावं बेअरिंग गेलंय. मग गाडी उचलून हँडब्रेक सोडायचा, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात त्या चाकाच्या सस्पेन्शन स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर त्या हाताला थेट लागते.

तुमच्या गाडीत उघडी टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरची, खोलून ग्रीस भरता येतं अशी) असतील, तरच ग्रीसचा प्रश्न येतो. हब असेंब्ली (चाकाचा मधला भाग आणि बेअरिंग एकत्र) सीलबंद असेल, तर ती बदलायचीच. टेपर असेल तर ड्रम उघडताना तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. ग्रीस दुधासारखं पांढरट निघालं, तर ऑइल सीलमधून, म्हणजे ग्रीस आत ठेवणाऱ्या रबरी कड्यातून, पाणी शिरलंय. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवून, पुसून उजेडात धरायला सांगा. रोलर आणि कप (रोलर ज्याच्या आत फिरतात ते बाहेरचं कडं) आरशासारखे गुळगुळीत असतील, तर नवं ग्रीस, नवं सील, नवी स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी), काम झालं. पण नखाला अडकेल असा खड्डा, गंजाचा डाग किंवा तापून आलेली निळसर झाक दिसली, तर ते बेअरिंग टाकाच. तुमच्या गाडीत आवाज येतोय, म्हणजे असंच काही दिसण्याची शक्यता जास्त. खड्डा पडलेल्या पोलादाला ग्रीस भरून काढत नाही. आवाज थोडे दिवस दबतो, इतकंच. नुसता कोन (रोलर बसवलेलं आतलं कडं) बदलून जुना कप ठेवायला मात्र ठाम नकार द्या.

दुसरी बाजू? पाण्यातून दोन्ही चाकं गेलीत, म्हणून उघडून बघा. स्वच्छ असेल तर सर्व्हिसिंग पुरे. न बघता दोन्ही बदलणं मला पटत नाही.

माल ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांतून दरवाजा, आरसा खुशाल घ्यावा, बेअरिंग कधीच नाही. गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर काही बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी रिंग असते. ती बाजू उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, हे मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा.

काम झाल्यावर ठाण्यापर्यंत एक फेरी मारा आणि दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एकच बाजू जास्त तापली असेल, तर बेअरिंगचा नट जास्त आवळलाय किंवा ब्रेक धरतोय. गाडी तशीच गॅरेजला परत न्या.