हायवेवर १४० ने गेलं तर बिघडलं कुठे?

प्रश्न: माझा गाडीवर कंट्रोल चांगला आहे, रात्री रोड मोकळा असला की मी १४० पर्यंत नेतो, अजून कधी ठोकलेली नाही. मग रेस ट्रॅकवर जाऊन पैसे घालवायची गरज काय?

उत्तर: अरे मित्रा, कंट्रोल तुझा आहे रे, पण रोडवर तू एकटा नसतोस ना. १४० ला गाडी सेकंदाला जवळपास ३९ मीटर जाते, म्हणजे समोर काहीतरी दिसलं आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जरी धरला तरी ५८ मीटर गेलेच, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाहीये! वर स्पीड डबल केला की ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. त्यात रात्री लो बीमचा उजेड तेवढा लांब पोचतच नाही, बिनलाईटचा उभा ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही, सायकलवाला नाही, कुत्रं नाही. वळणाबाहेर खडीचा रनऑफ, म्हणजे मोकळा पट्टा असतो, चुकलास तर गाडी त्यात रुतून थांबते, रोडवर त्याच जागी झाड नाहीतर खांब असतो. पुढे कोणी घसरलं की मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभा असलेला सेफ्टीवाला, सावध करायला पिवळा झेंडा दाखवतो. हेल्मेट तर कंपल्सरीच.

आणि खरं सांगू, लिमिटवर गाडी कशी वागते, टायरची ग्रिप कधी सुटते, हे ट्रॅकवरच कळतं. एकदा ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी घेऊन रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, करच, इन्स्ट्रक्टर घेऊन. आणि प्लीज, रात्रीचं ते १४० आजपासून बंद कर.