मंत्रचळातला ‘चळ’ आणि चळाचळा कापण्यातला ‘चळ’

प्रश्न असा आहे: ओसीडीला, म्हणजे नको ते विचार पुन्हापुन्हा येण्याच्या आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करत राहण्याच्या मनोविकाराला, मराठीत ‘मंत्रचळ’ म्हणतात. त्यातल्या ‘चळ’चा अर्थ नुसता वेड असा, की ‘चळाचळा कापणे’, ‘हातचाळा’ यांच्याशी त्याचं नातं आहे? आणि टुरेट सिंड्रोम, म्हणजे आवरता न येणाऱ्या झटक्यांचा (टिकचा) आजार, असलेल्या मुलाबद्दल लिहिताना हा शब्द चालेल का?

नातं आहे, तेही सख्खं. मूळ धातू संस्कृतातला ‘चल्’, म्हणजे हलणे. मराठीत त्याला दोन वाटा फुटल्या. एक अंगाची: चळाचळा कापणे, चळवळ्या पोर, हाताला चाळा. दुसरी मनाची: बुद्धी चळणे, कशाचा तरी चळ लागणे. जपजाप्याच्या, मंत्रांच्या नादात ज्याचं चित्त जागेवरून ढळलं त्याला मंत्रचळ लागला म्हणत. सोवळ्याच्या धास्तीने पुन्हापुन्हा हात धुणाऱ्यालाही लोक मंत्रचळ्या म्हणू लागले, आणि तिथून हा शब्द मानसोपचाराच्या मराठीत आला.

शब्द जुळले म्हणून आजार जुळतात असं नाही, हे खरंच. पण इथे आजारही जुळतात, आणि मला ते फार विलक्षण वाटतं.

सिडनहॅम कोरिया घ्या. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने 1686 मध्ये त्याचं वर्णन केलं. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर, संधिवाताच्या तापाच्या जोडीने, मुलांना हा आजार होतो. हातापायांना आपोआप हिसके बसतात, बाहेर काढलेली जीभ टिकत नाही. डॉक्टर बोटं धरायला सांगतात तेव्हा मुलाची पकड आवळते, सैलावते, पुन्हा आवळते, धार काढताना आवळते-सैलावते तशी. या मुलांत पुन्हापुन्हा धुणं, तपासणं, नको ते विचार डोक्यात घोळणं हेही बऱ्याचदा दिसतं, असं सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवलं.

त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात निद्रारोगासारख्या मेंदूज्वराची साथ आली होती. त्यातून वाचलेल्या काहींना झटका यायचा: डोळे वर खेचले जाऊन तिथेच अडकायचे, आणि काहींना तेवढ्याच वेळात एखादा विचार किंवा आकडेमोड डोक्यातून जात नसे. डोळे सुटले की विचारही सुटायचा. नजर आणि मन एकाच कडीत अडकल्याचं इतकं उघड उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही.

कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशीपुंजांत आहे, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. मेंदूच्या पुढच्या भागातून निघालेले संदेश या पुंजांतून फिरून परत वर जातात. काही फेरे हालचालीचे, काही विचार आणि सवयींचे, आणि ते शेजारीशेजारी चालतात. कंपवातात याच साखळीतल्या एका बारीक केंद्रात तार बसवून विजेचे सूक्ष्म झटके देतात. 2002 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण नोंदवले ज्यांना कंपवाताबरोबर ओसीडीही होता. तार कंपवातासाठी बसवली होती, पण मंत्रचळही ओसरला. पुढे औषधांनी न हटणाऱ्या ओसीडीवर याच उपायाच्या चाचण्या झाल्या.

आता टुरेटकडे. जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं. टिक आणि ओसीडी पुष्कळदा एकाच माणसात नांदतात, तरी दोन्ही एक नाहीत. चोर शिरेल या भीतीने कडी दहा वेळा ओढून पाहणं हा मंत्रचळ. मानेत काहीतरी दाटून येतं आणि झटका दिल्याशिवाय सुटत नाही, ती टिक. मधलेही लोक असतात: उंबरठ्याला पाय पुन्हा लावायचा, भीती कसलीच नाही, फक्त ‘बरोबर बसलं’ असं आतून वाटेपर्यंत.

म्हणून माझं मत: ओसीडीसाठी ‘मंत्रचळ’ बिनधास्त लिहा, निदान पहिल्यांदा ओसीडीच्या जोडीने. टुरेटला तो लावू नका. टिकला ‘चाळा’ म्हणायचा मोह होईल, व्युत्पत्तीने तो जवळचाही आहे, पण ‘चाळे करू नकोस’ असं आपण मुद्दाम खोड्या करणाऱ्या मुलाला म्हणतो. टिक असलेलं मूल ते मुद्दाम करत नाही आणि वर्गात ओरडा मात्र खातं. तिथे ‘टिक’च लिहा, आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘आवरता न येणारा झटका’ अशी फोड द्या.