ब्युनोस आयर्स पायी बघायचं असेल तर

अर्जेंटिनाच्या या राजधानीत पहिल्यांदाच जाताय ना, मग रविवार मोकळाच ठेवा. प्लाझा दे मायो या मुख्य चौकापासून देफेन्सा रस्त्याने दक्षिणेला सान तेल्मो या जुन्या वस्तीकडे चालत सुटा. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो: निळ्या-हिरव्या काचेच्या सोड्याच्या बाटल्या, चांदीचे चमचे, मध्येच कोपऱ्यावर टँगो. घाई अजिबात करू नका.

पत्ता शोधणं सोपं. घरांचे नंबर दर चौकाला शंभराने वाढतात, म्हणजे ३५० वरून ८५० ला जायचं तर पाच चौक, साधारण अर्धा किलोमीटर. फूटपाथच्या फरशा उखडलेल्या असतात, बूट चांगले घाला. रस्त्यात फोन हिसकावला जाऊ शकतो, बघायचाच असेल तर दुकानात शिरून बघा. ला बोका या वस्तीत मात्र बसनेच जा आणि अंधाराआधी परता.

गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लाझा दे मायोत हवंच. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांसाठी आया १९७७ पासून तिथे फेरी घालत आल्या आहेत, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. नुसते फोटो काढू नका, त्यांच्यासोबत चाला.

रात्रीचं जेवण तिकडे नऊनंतर. संध्याकाळी कॉफीबरोबर दोन मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे गोडसर पाव, खाऊन घ्या.