नवीन कॉमिक्स घेणाऱ्या भावासाठी

भाऊ, कॉमिक्स वाचायला लागलास, लय बरं वाटलं, आपल्या दारव्ह्याकडं या विषयावर बोलायला माणूस सापडत नाही. पण कव्हरवर अंकाचा मोठ्ठा 1 नंबर दिसला का लगेच ऑर्डर मारू नको. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीनं 2011 मध्ये 52 मालिका एकदम 1 पासून सुरू केल्या, अन् 2016 मध्ये बऱ्याच मालिकांचे नंबर पुन्हा नव्यानं लावले, म्हणजे जो मन लावून वाचत होता तो मधातच लटकला. याचाच राग येते मले.

दुसरं व्हेरिएंट कव्हर. आतली गोष्ट तीच, पानं तीच, फक्त वरचं चित्र बदलते अन् तू पैसे दोनदा मोजते. 1991 मध्ये एक्स-मेन या सुपरहिरो टोळीच्या मालिकेचा नवा पहिला अंक पाच कव्हरांत काढला, दुकानदारांनी 80 लाखांच्या वर प्रती उचलल्या. मग भाव कुठून वाढन, सगळ्यांच्याच कपाटात तो पडून आहे! म्हणून भाव वाढन या आशेनं काहीच घेऊ नको.

हिरो मेला म्हणून घाई तर अजिबात नको, सुपरमॅनले 1992 मध्ये मारलं अन् 1993 मध्ये परत आणलं.

त्यापेक्षा सहा महिने थांब, पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं ट्रेड पेपरबॅक घे, कुरिअरमध्ये सुट्या अंकासारखं दुमडत बी नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे एकच गोष्ट बऱ्याच मालिकांत पसरवलेली, आला तर आपली मालिका तेवढी वाच, बाकीचे अंक सोड. अन् नागपूरले गेलास का सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक नक्की शोध, 1990 मध्ये बंद पडलं ते.