काटकसरीचा कट्टा : दाढी, वॅक्सिंग आणि महिन्याचं बिल

प्रश्न : ताई, आम्ही घरात चौघं. यजमानांना ऑफिसमुळे रोज दाढी करावी लागते. मुलगा नुकताच कॉलेजला गेलाय, तो वडिलांचाच पाच पात्यांचा रेझर ओढतो आणि त्याच्या गळ्यावर पुळ्या उठतात. मुलगी दर महिन्याला पार्लरमध्ये हजार रुपये देऊन हात, पाय, अंडरआर्म्स करून येते. कार्ट्रिजचं पाकीट सहाशेच्या पुढे गेलंय. कुठे हात आवरावा?
— सौ. स. म., भांडुप

उत्तर : पैशांचं नंतर, आधी बापलेकांचे रेझर वेगळे करा. पात्यावर डोळ्यांना न दिसणारं रक्त राहतं आणि हिपॅटायटिस बी आणि सी त्यातून पसरू शकतात. घरचंच माणूस आहे म्हणून चालतं असं नाही.

आता खर्च. तुमच्याकडचा प्रकार म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दांडा स्वस्तात येतो आणि मग जन्मभर त्याच कंपनीचं कार्ट्रिज घेत बसायचं, दुसरं त्यात सहसा बसत नाही. दोन्हीकडून धार असलेल्या साध्या ब्लेडचं तसं नाही. जिलेटचं पेटंट 1904चं. ते संपून जमाना झाला, त्यामुळे ते ब्लेड कोणीही बनवतं आणि कुठल्याही सेफ्टी रेझरमध्ये बसतं. धातूचा बऱ्यापैकी रेझर चार-पाचशेला एकदाच घ्या. चांगल्यातलं ब्लेड पाच रुपयांचं धरलं आणि पाच-सहा दाढ्यांनी बदललं, तरी यजमानांचं महिन्याचं काम पंचवीस-तीस रुपयांत होतं. पहिला आठवडा त्यांची कुरकुर ऐकून घ्या. कार्ट्रिजवर जोर द्यायची सवय हाताला लागलेली असते, इथे जोर द्यायचाच नाही. रेझरच्या वजनानेच पातं चालतं, फक्त ते गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं.

मुलाच्या पुळ्यांचं कारणही बहुतेक ती पाच पातीच. पहिलं पातं केस ओढतं, मागची कापतात, आणि तुटलेलं टोक कातडीच्या खाली जातं. तिथून ते वाकडं वाढलं की पुळी. त्याच्या वयाला रोज दाढी हवीय कशाला? दोन-तीन दिवसांआड एका पात्याने, केसांच्या दिशेने करू दे.

ब्लेड टिकवायचं असेल तर दोन गोष्टी. दाढी आंघोळीनंतरच. भिजलेला केस मऊ पडतो, कोरडा पात्याला जड जातो. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही धारेचे कपचे काढतो, हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. जुलैमध्ये बाथरूममध्ये टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे ब्लेड काय वाळणार! धुवा, झटका आणि रेझर बाहेर खोलीतल्या कपाटात ठेवा. धार टॉवेलने पुसू नका, टॉवेलही जातो आणि धारही. फोमचा डबाही बंद करा. त्यात बरंचसं पाणी आणि गॅस असतो. साबणाची वडी आणि ब्रश घेतलात तर कितीतरी महिने बघायला नको.

मुलीचं वॅक्सिंग. मी गिरगावात राहत्या घरी बरीच वर्षं पार्लर चालवलंय, तेव्हा गिऱ्हाईक तोडायचा हा सल्ला मी जरा जड मनानेच देतेय. वॅक्स घरीच करा : दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आचेवर. लाडवांच्या पाकाला जसं बघता तसंच बघायचं : थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. रंग मधासारखा. त्यापुढे गेला की टणक होतो, मग तो ओढताना कातडीही ओढतो. आणि कृपा करून गरम असताना हात लावू नका. साखरेचा पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापतो आणि चिकटून बसतो. कोमट झाल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघायचा.

केस पाव इंच तरी वाढलेले हवेत. आधी टाल्कम पावडर, मग केसांच्या दिशेने पातळ थर, वर कापडाची पट्टी दाबायची, एका हाताने कातडी ताणून धरायची आणि उलट्या दिशेने झटका. पट्टी वर, छताकडे उचलायची नाही, कातडीला लागून मागे न्यायची. नवशिक्यांच्या हातून इथेच काळंनिळं होतं. पट्ट्यांसाठी जुनी सुती चादर फाडा. साखर गरम पाण्यात विरघळते, त्यामुळे पट्ट्या धुऊन पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात हा पाक हवेतलं पाणी ओढून चिकचिकतो, तेव्हा पंख्याखाली बसा आणि थोडं थोडंच करा.

अंडरआर्म्स मात्र सुरुवातीला पार्लरमध्येच करू दे. तिथे केस चहूकडे वाढतात, स्वतःच्या हाताला ते साधत नाही. आणि ती मुरुमांसाठी रेटिनॉइडचं (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) मलम लावत असेल तर त्या जागी, आणि त्याची गोळी घेत असेल तर कुठेच वॅक्स नको, साल निघते.

प्रश्न : आई म्हणते, पायांवर रेझर फिरवलास तर केस राठ येतील. खरं का? आणि हनुवटीवर हल्ली जाड केस येतायत, घरीच क्रीम लावलं तर चालेल?
— अ. प., कुर्ला

उत्तर : आईला सांग, हे 1928मध्येच तपासून झालंय. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की दाढीने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खुंट लागतात. बायकांचा म्हणून गुलाबी रेझर घेऊ नकोस. साधा घे, पाती तशीच असतात.

क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, ते केसातलं केराटिन हे प्रथिन विरघळवतं. कातडीतही केराटिनच असतं, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवायचं नाही आणि आदल्या दिवशी कोपराजवळ लावून बघायचं. पण हनुवटीचं अचानक सुरू झालं असेल आणि पाळीही मागेपुढे होत असेल, तर क्रीमचे पैसे वाचव आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयांचा हार्मोनचा विकार, असू शकतो. केईएम, सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत केसपेपरला मोठा खर्च येत नाही.

प्रश्न : आफ्टरशेव्हऐवजी तुरटी चालते का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : चालते म्हणजे काय, उत्तम. बारीक कापलेल्यावर ती रक्त थांबवते. ओल्या गालावर खडा फिरवा, मिनिटभराने धुऊन टाका. चरचरलं तर समजा, हात जड पडलाय. खडा आपापला ठेवा आणि कोरडा ठेवा, नाहीतर साबणदाणीतच विरघळून जाईल.