खांदा उचलत नाही, वस्तरा शिकता येईल?

प्रश्न : वय 58. डावा खांदा आखडलेला आहे, हात कानाच्या वर जात नाही. उजव्या हाताची बोटं संधिवातामुळे पूर्ण मिटत नाहीत. तरी वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकायची फार हौस आहे. सलूनमध्ये असतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घेऊन सुरुवात करू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : शिकता येईल, पण अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने नको. तो हलका असतो, त्याची धार बोचरी असते आणि कोन जरा चुकला की कापतं. पाजवून वापरायचा वस्तरा जड असतो, तो आपल्या वजनानेच काम करतो. 5/8 इंच रुंदीचा, गोल टोकाचा घ्या. चौकोनी टोक कानाच्या पाळीला लागतं.

वस्तऱ्याला ताकद लागत नाही. लागतो स्थिर कोन आणि ताणलेली कातडी. म्हणून तुमची खरी अडचण बोटांची नाही, खांद्याची आहे. उजवा गाल ताणायला एरवी डावा हात डोक्यावरून नेतात. तुम्ही तो समोरून घ्या, दोन बोटं गालाच्या हाडावर ठेवून कातडी वर ओढा आणि त्याच वेळी मान डावीकडे कलती करा. बोटं घसरतात, म्हणून आधी टोकांना ओली तुरटी चोळा.

पकड अशी : तीन बोटं पात्याच्या मानेवर (धार संपते तिथून मुठीच्या खिळ्यापर्यंतचा भाग), करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर, अंगठा खालून. शेपटीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की आखडलेल्या करंगळीलाही आधार मिळतो. पात्याच्या मानेवर मात्र गुंडाळू नका. वस्तरा नीट मिटत नाही आणि पट्टीखाली ओल राहून गंज चढतो.

उभ्याने करू नका. टेबलाशी बसा, आरसा डोळ्यांच्या उंचीला ठेवा, उजवं कोपर वह्यांच्या चळतीवर टेकवा. पहिला आठवडा फेस लावून लोणी लावायच्या बोथट सुरीने सराव करा. फेसात उमटणारा पट्टा वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा आला, तर मनगट स्थिर आहे. खाली निमुळता होत गेला, तर ते पिळतंय.

मग खरा वस्तरा, आणि तोही फक्त उजव्या गालावर, कल्ल्यापासून जबड्यापर्यंत. बाकी दाढी नेहमीच्या रेझरने उरका. कोन साधारण 30 अंश, केसांच्या दिशेने, दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात. पातं आडवं सरकलं की कापलंच म्हणून समजा. केस ओढले गेले तर जोर देऊ नका, धार गेली आहे. पंखा बंद ठेवा, फेस सुकतो. हनुवटी आणि वरचा ओठ निदान महिनाभर तरी लांब ठेवा.

धार परजायला वस्तरा चामड्यावर फिरवावा लागतो. टांगलेला चामडी पट्टा ताणून धरायला दुसरा हात लागतो, म्हणून फळीवर चिकटवलेलं चामडं घ्या. दर दाढीआधी 30-40 फेऱ्या, पात्याची पाठ पुढे आणि धार मागे. फिरवताना पाठीवरूनच उलटवा. धारेवरून उलटवलंत तर चामडंही कापेल आणि धारही जाईल.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

प्रश्न : हात थरथरतो. कोपर टेकवून जमेल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. टेकवलेल्या कोपराने दमणूक कमी होते, पण थरथर बोटांपर्यंत येतेच. दाढीचा ब्रश, साबणाचा दाट फेस आणि चांगला सेफ्टी रेझर यांतही पुष्कळ मजा आहे. वस्तरा मात्र नको.

प्रश्न : पावसाळ्यात वस्तऱ्यावर तांबूस ठिपके येतात. रोज पुसतो, तरी येतात.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पातं पुसलं जातं, खिळ्याजवळची सांध पुसली जात नाही; पाणी तिथे राहतं. सुती कापडाचं टोक आत घालून टिपा आणि वस्तरा तासभर उघडा ठेवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरा. खोबरेल नको, ते चिकट होतं. जून ते सप्टेंबर वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका; डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून कपाटात ठेवा. ठिपके वरवरचे असतील तर मेटल पॉलिशने जातात, पण ऐन धारेवर खड्डा पडला असेल तर दगडावर घासून ती नव्याने काढावी लागते. चामड्याला बुरशी येते, म्हणून ते प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता सुती पिशवीत ठेवा.