रिपोर्टात काय लिहू विचारताय, तर माझं ऐका

जय ख्रिस्त भाऊ. तुमची पोस्ट काल रात्री सेकंड शिफ्टवरून आल्यावर वाचली, ताट समोर होतं आणि मी मोबाईल धरून बसलो, बायको ओरडली शेवटी. सिडकोतला कॉलेजचा पोरगा, आठ महिने दर शनिवारी तुम्ही दोघंच भेटताय, बायबलमधलं वचन वाचताय, सगळं बरं चाललंय, आणि आता मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) ऑफिसने दर महिन्याला ‘शिष्यत्व रिपोर्ट’ मागायला सुरुवात केलीय. पोरगा दोन शनिवार आला नाही, मेसेजला निळी टिक येते पण उत्तर नाही. आणि तुम्ही विचारताय रिपोर्टात काय लिहू.

आधीच सांगतो, मी पाळक (पास्टर) नाही, सेमिनरीचं तोंडही पाहिलेलं नाही, अंबडला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. प्रार्थना कशी करायची, वाचायला कुठून सुरुवात करायची हे तुम्हाला येतं, त्यात मी पडत नाही. मला फक्त त्या कागदाबद्दल बोलायचंय.

२०१९ ची गोष्ट. आमच्या मंडळीत (नाव घेत नाही, नाशिक लहान आहे) कोणीतरी बाहेरून ट्रेनिंग घेऊन आलं आणि एकास एक शिष्यत्व सुरू झालं, म्हणजे जुन्या माणसाने एका पोराला धरून नियमित भेटायचं, वचन वाचायचं, प्रार्थना करायची. कल्पना चांगलीच होती. माझ्या वाट्याला एक पोरगा आला, नेवाशाकडचा, ख्रिस्ती घरातलाच, वडील नाहीत, सातपूरला कॉन्ट्रॅक्टवर कामाला, अशोकनगरला चौघांत एक खोली. रविवारी उपासना सुटली की आम्ही दोघं चालत चालत टपरीवर जायचो, चहा घ्यायचो आणि बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान वाचायचो. १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर चार महिन्यांत संपतो, आम्हाला सात लागले कारण त्याची शिफ्ट आडवी यायची. सात महिने हा पोरगा “हो दादा” आणि “बरोबर दादा” याच्यापुढे गेला नाही. मला वाटायचं डोक्यात काही शिरतंय का नाही याच्या.

मग एके संध्याकाळी सोमेश्वरला नदीकाठी बसलो होतो, कणीस खात होतो, आणि तो एकदम बोलायला लागला. मोबाईलवरची रमी. आधी पाचशे, मग पगार, मग रूमवाल्यांकडून उसने, मग ठेकेदाराकडून उचल. आईला सांगितलं होतं ओव्हरटाइम बंद झालाय म्हणून पैसे कमी येतात. तासभर बोलला, रडला, मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, दोघांनाही हलकं वाटलं. देवाशपथ सांगतो, तिथेच थांबलो असतो तर आज ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

पण महिनाअखेर आली आणि फॉर्म आला. रकाने होते, किती भेटी, किती अध्याय, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा मंडळीला) देतो का, आणि सगळ्यात शेवटी ‘अडखळण / प्रार्थनेची गरज’. मी त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, जुगाराची सवय, कर्ज, आईला माहीत नाही, विशेष प्रार्थना करावी. खोटं कशाला बोलू, लिहिताना छातीही थोडी फुगली होती, की बघा, माझ्या पोराने किती मन मोकळं केलं, बाकीच्यांचे रकाने रिकामे आहेत.

ऑफिसने काय केलं, तर सगळ्या फॉर्मांतले शेवटचे रकाने उतरवून बुधवारच्या प्रार्थनासभेसाठी यादी केली. नावासकट. आणि वाचली. पंधरावीस माणसं असतील, त्यात एक मावशी त्याच्याच तालुक्यातल्या. बुधवारी रात्री वाचलं आणि शुक्रवारी सकाळी त्याच्या आईचा त्याला फोन. पोराने मला एकदाच फोन केला, एवढंच विचारलं, “दादा, तुम्ही कागदावर लिहिलं होतं का?” मी म्हटलं अरे प्रार्थनेसाठीच रे, आणि त्याने फोन ठेवला. नंतर तो ना टपरीवर आला ना उपासनेला.

ऑफिसात गेलो भांडायला. तर उत्तर काय, “बंधू, प्रभूपुढे लपवण्यासारखं काय असतं?” अहो प्रभूपुढे काहीच नसतं, पण प्रभू बुधवारी खुर्ची टाकून मावशींच्या शेजारी बसून दुसऱ्या दिवशी नेवाशाला फोन लावत नाही ना! आणि कहर पुढचा, पुढच्या महिन्यात त्याच पोराच्या नावाचा फॉर्म पुन्हा माझ्याकडे, यावेळी एक रकाना जास्तीचा, ‘सोडून जाण्याचे कारण’. तो फॉर्म अजून माझ्या बायबलमध्ये घडी करून आहे, कोराच.

असो. ऑफिसला मी वर्षभर मनातल्या मनात बोलून घेतलं, पण त्यांच्याकडे ते पोचलं कसं? अक्षर माझं होतं. नीतिसूत्रे ११:१३ मी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, चहाडखोर गुपित फोडतो आणि विश्वासू माणूस ते झाकून ठेवतो. फॉर्म भरताना ते कुठे गेलं होतं काय माहीत. कॅथलिकांकडे निदान कन्फेशनला कडक नियम आहे, फादरने ऐकलेलं फादरने कुणालाही सांगायचं नाही. आपल्याकडे तसं काही बांधलेलं नाही, त्यामुळे सगळं आपल्या जिभेवर, आणि आपली जीभ ‘प्रार्थना विषय’ म्हटलं की सैल सुटते. याकोब ५:१६ मध्ये पापं एकमेकांजवळ कबूल करा असं आहे, यादीत छापा असं कुठे आहे ते कोणीतरी दाखवावं मला.

आणि हे रिपोर्टवाले मोजतात तरी काय? बायबलमधला निकदेम घ्या, यहुदी धर्मपुढारी, परूशी पंथातला. योहान ३ मध्ये येशूकडे रात्री आला, येशूने त्याला रात्रीच का आलास विचारलं नाही. मग ७ व्या अध्यायात तो परूश्यांमध्ये येशूच्या बाजूने एक वाक्य बोलतो, एकच. आणि थेट १९ व्या अध्यायात गंधरस घेऊन येशूला पुरायला हजर. मधल्या काळात त्याचा फॉर्म भरला असता तर काय लिहिलं असतं, प्रगती नाही? आपल्याकडचंच बघा, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवरा-बायकोत पाच वर्षांचं अंतर, आणि ती माउली आपल्या इथल्याच जलालपूरची.

आता तुमचं. माझं मत आहे, पटलं तर घ्या, तुमची मंडळी तुम्हाला जास्त माहीत. रिपोर्ट द्यायचाच असेल तर भेटी किती झाल्या आणि काय वाचलं एवढंच लिहा, शेवटच्या रकान्यावर आडवी रेघ मारा. कोणी विचारलं तर सांगा त्याला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. पाळकसाहेब समजूतदार असतील तर ऑफिसला बाजूला ठेवून सरळ त्यांच्याशी बोला. आणि खरं सांगा, आधीच्या रिपोर्टात तुम्ही काही लिहिलंय का? पोस्टमध्ये ते नाही, पण दोन शनिवार गायब म्हटल्यावर माझ्या पोटात तेच आलं. लिहिलं असेल तर त्याला दुसऱ्याकडून कळायच्या आत तुम्ही जाऊन सांगा. मेसेजवर नको, समोर. आणि ‘प्रार्थनेसाठी’ हा शब्द तोंडातून काढू नका.

एक गोष्ट मात्र उलटी. पोरगा जिवाचं बरंवाईट करायचं बोलला, किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करतंय असं निघालं, तर तिथे गुपित वगैरे काही नाही, घरचे, डॉक्टर, गरज पडली तर पोलीस. मानसिक आधारासाठी सरकारी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, वय अठराच्या आत असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८. त्यालाही सांगा की हे मी एकट्याने पोटात ठेवणार नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं म्हणून लिहितोय.

बाकी किरकोळ. उसने पैसे देऊ नका, मी नंतर दुसऱ्या एकाला दिले, पैसेही गेले आणि भेटीही. घरी बंद खोलीत बसण्यापेक्षा टपरी, बाग, चालणं बरं, पोरं शेजारी चालताना जास्त बोलतात, समोरासमोर बसवलं की “हो दादा” सुरू. रिकाम्या जागा भरा टाइपची वर्कबुकं मला आवडत नाहीत, पण तो माझा राग असेल.

माझा तो नेवाशाकडचा पोरगा आता चाकणला आहे. नाताळला त्याचा मेसेज येतो, फक्त “मेरी ख्रिसमस दादा”, मी पण तेवढंच पाठवतो. मागच्या वर्षी पहिल्यांदाच त्याने पुढे विचारलं, टपरी आहे का अजून. आहे म्हटलं, चहा पंधरा रुपये झालाय.